जर्मनीत कायमचं राहायचंय? मग भाषेपासून सुरुवात करा

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की समोर बसलेल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, तिकडे पी. आर. किती वर्षांत मिळतो?" मुलीला कोणत्या विषयात एम. एस. करायचंय, तिला त्या विषयाची खरंच गोडी आहे का, हे सगळं नंतर येतं. घर तारण ठेवून शिक्षणाचं कर्ज काढणाऱ्या वडिलांना हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे. पण त्या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेले असतात. शिकायला जाण्याचा व्हिसा, शिक्षणानंतर नोकरीचा परवाना, कायम वास्तव्याचा परवाना (पी. आर.) आणि शेवटी नागरिकत्व. या चारही गोष्टींचे नियम वेगळे आहेत, आणि पहिलं दार उघडलं म्हणून पुढची आपोआप उघडत नाहीत.

या लेखात मी फक्त जर्मनीबद्दल लिहितो आहे. एक तर पुण्या-मुंबईतून आणि आता सोलापूर-सांगलीकडूनही तिकडे जाणारी मुलं दरवर्षी वाढताहेत. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. दुसरं म्हणजे, कायम वास्तव्याचं गणित तिथे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. अमेरिकेत तसं नाही. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवर तिथे प्रत्येक देशासाठी सात टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे 'ई. बी. २' या रांगेत २०२५ साली ज्या भारतीयांचा क्रमांक लागत होता, त्यांचे अर्ज २०१३च्या आसपासचे होते. एवढी अनिश्चितता बावीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर टाकताना दहा वेळा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जर्मनीचा हिशेब. तिथल्या विद्यापीठातून पदवी घेतली की नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. या काळात पोट भरण्यासाठी कोणतंही काम करता येतं, पण शोध चालू हवा तो आपल्या शिक्षणाला साजेशा नोकरीचा. ती मिळाली की कुशल कामगार म्हणून परवाना मिळतो किंवा पगार पुरेसा असेल तर 'ब्लू कार्ड'. २०२५ साली ब्लू कार्डासाठी वर्षाला किमान ४८,३०० युरो पगाराची अट होती. टंचाईच्या व्यवसायांत आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी ती ४३,७५९ युरो ८० सेंट. हा आकडा दरवर्षी जानेवारीत बदलतो, म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या मावसभावाचा आकडा धरून बसू नका.

त्यापुढे कायम वास्तव्य. ब्लू कार्डवाल्याला २७ महिने नोकरी आणि ए-वन पातळीचं, म्हणजे अगदी प्राथमिक, जर्मन पुरतं. जर्मन बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचं, असेल तर हेच २१ महिन्यांत होतं. ब्लू कार्ड नसेल, पण शिक्षण जर्मनीतच झालं असेल, तर शिक्षणाला साजेशी नोकरी करून दोन वर्षं पूर्ण व्हायला हवीत, २४ महिने पेन्शनचा हप्ता भरलेला हवा आणि जर्मन बी-वन हवं. भारतातली पदवी घेऊन थेट नोकरीवर गेलेल्यांसाठी हीच मुदत तीन वर्षांची आहे; नोव्हेंबर २०२३मध्ये नवा कायदा येईपर्यंत ती चार होती.

या आकड्यांमधली एक गोष्ट पालकांनी अधोरेखित करून ठेवावी. घड्याळ विमान उतरल्यावर सुरू होत नाही. ते सुरू होतं पहिल्या योग्य नोकरीच्या दिवशी. दोन वर्षांची एम. एस. तीन वर्षांपर्यंत लांबली, मग नोकरी शोधण्यात वर्ष गेलं, की 'दोन वर्षांत पी. आर.' हे वाक्य सहा वर्षांवर जाऊन पोहोचतं. अशी मुलं मी पाहिली आहेत. हुशारीत कुणीच कमी नव्हतं. अडलं ते जर्मन न आल्यामुळे.

एम. एस.चा अभ्यासक्रम इंग्रजीत असतो, म्हणून घरचे सगळे निर्धास्त होतात. मुलगा म्हणतो, "तिकडे गेल्यावर शिकेन." तिकडे गेल्यावर तो पहिल्या सहामाहीत खोली शोधतो, दुसऱ्या सहामाहीत गोदामात किंवा हॉटेलात काम करतो (विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे), परीक्षा तर असतातच. संध्याकाळी आठ वाजता थकून आलेल्या मुलाला शब्दांची लिंगं पाठ करायची ताकद राहत नाही. पुढे नोकरीसाठी मोठ्या शहरांतल्या काही संगणक कंपन्या सोडल्या तर बहुतेक ठिकाणी मुलाखत जर्मनमध्ये. ज्या मध्यम आकाराच्या कारखान्यांवर त्या देशाचं औद्योगिक जग उभं आहे, तिथे फोरमन, हिशेबनीस, ग्राहक सगळे जर्मन बोलतात. इथून बी-वन करून गेलेली मुलगी पहिल्या वर्षापासून अर्धवेळ का होईना, आपल्या क्षेत्रातलं काम मिळवू शकते. सहा महिने आधी सुरू केलेला वर्ग पुढची दोन वर्षं वाचवतो, हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून ठामपणे सांगतो.

पुण्यात त्याची सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, शाळा-कॉलेजांत जर्मन शिकवणारे कितीतरी शिक्षक आहेत. गावाकडे असाल तर गोएथे संस्थेचे ऑनलाइन वर्ग आहेत. आणि २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यातही सगळ्या व्यवसायांसाठी पहिली पायरी भाषेचीच आहे.

बारावीनंतर लगेच पाठवायचा विचार असेल तर थोडं थांबा. नुसत्या बारावीवर जर्मन विद्यापीठात थेट पदवीला प्रवेश साधारणपणे मिळत नाही. आधी तिथलं वर्षभराचं पूर्वतयारीचं महाविद्यालय करावं लागतं, किंवा इथे त्याच विषयाच्या पदवीचं एक वर्ष उत्तीर्ण व्हावं लागतं, किंवा तांत्रिक विषयांसाठी जे. ई. ई. अॅडव्हान्स्ड. माझा सल्ला विचाराल तर पदवी इथेच करावी आणि त्या तीन-चार वर्षांत बी-वन, जमलं तर बी-टू पूर्ण करावं. नर्सिंग किंवा इलेक्ट्रिशियनसारख्या कामांसाठी 'आउसबिल्डुंग' हा वेगळा, चांगला मार्ग आहे. शिकताना पगार मिळतो आणि ते पूर्ण केलेल्यालाही नोकरीच्या दोन वर्षांनंतर कायम वास्तव्य मागता येतं. आपल्याकडे त्याला 'डिग्री नाही' म्हणून नाक मुरडतात, ते चुकीचं आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. व्हिसासाठी बँकेच्या गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि दर महिन्याला त्यातले ९९२ मिळतात. शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी झाल्याचं ए. पी. एस. प्रमाणपत्रही व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२पासून सक्तीचं आहे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही, पण बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना प्रत्येक सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही आता शुल्क सुरू केलं आहे. एजंट जेव्हा लाखो रुपये फी असलेलं खाजगी विद्यापीठ आग्रहाने सुचवतो, तेव्हा त्याला तिथून कमिशन मिळतं का, हे सरळ विचारा. खाजगी विद्यापीठं सगळीच वाईट नसतात. पण अभ्यासक्रमाचा किती भाग ऑनलाइन आहे आणि त्यावर व्हिसा मिळतो का, याचं लेखी उत्तर घेतल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

कायम वास्तव्य मिळाल्यावरही एक बाब लक्षात ठेवा. सलग सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलं तर हा परवाना साधारणपणे रद्द होतो. ब्लू कार्डासाठी हीच मुदत बारा महिन्यांची आहे. आईच्या आजारपणात मुलगा सात महिने गावी राहिला, असं होऊ शकतं. अशा वेळी निघण्यापूर्वीच तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून जास्त मुदतीची लेखी परवानगी घ्यायची असते. हे कागद दुःखाच्या दिवसांत आठवत नाहीत, म्हणून आधीच सांगतो.

आता नागरिकत्व. २७ जून २०२४पासून जर्मनीत आठऐवजी पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. बी-वन भाषा हवी, स्वतःच्या कमाईवर जगता यायला हवं, आणि ३३ प्रश्नांच्या परीक्षेत किमान १७ बरोबर यायला हवेत. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी विशेष वाट त्याच कायद्यात होती, ती ऑक्टोबर २०२५मध्ये बंद झाली. तरीही 'तीन वर्षांत जर्मन पासपोर्ट' सांगणारे जुने व्हिडिओ फिरताहेत.

त्याच कायद्याने जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मान्यता दिली आणि आपल्या घरांत एक घातक गैरसमज पसरला, की आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात. जर्मनीची हरकत नसेल, भारताची आहे. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. त्यानंतर ओ. सी. आय. कार्ड घेता येतं. त्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय ये-जा करता येते, फ्लॅट घेता येतो. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची जमीन वारसाने येऊ शकते, पण शेजारचा तुकडा विकायला निघाला म्हणून आपल्या नावावर घेता येणार नाही. ज्यांच्या घरी सातबारा आहे, त्यांनी हे मुलांबरोबर बसून बोलायला हवं, आणि तेही मुलगा तिशीत पोचल्यावर नाही, आत्ता.

म्हणूनच कायम वास्तव्यावर थांबणं हा पूर्ण मानाचा पर्याय आहे. भारतीय पासपोर्ट ठेवून जर्मनीत नोकरी, घर, मुलांचं शिक्षण सगळं होतं. नागरिकत्व घ्यायचं की नाही हे मुलीने तिशी-पस्तिशीत स्वतः ठरवावं. आज तिच्या वतीने तुम्ही ठरवू नका, आणि नातेवाइकांना तर मुळीच ठरवू देऊ नका.

मुलगी आज पदवीच्या दुसऱ्या वर्षात असेल, तर विद्यापीठांची यादी बाजूला ठेवा. या महिन्यात तिचं नाव ए-वनच्या वर्गात घाला. विद्यापीठांची यादी घेऊन माझ्याकडे याल तेव्हा सोबत तिचं बी-वनचं प्रमाणपत्र आणा.