अमेरिका-अभ्यासाची जर्नल्स: खिशातून किती जातात, किती जायला हवेत

गोषवारा मोफत वाचायला मिळतो, आणि पुढचं पान उघडायला गेलं की किंमत येते. मोठ्या प्रकाशकांकडे एका सुट्या लेखाला साधारण ३० ते ५० डॉलर पडतात. हिशेबासाठी डॉलर ९० रुपयांचा धरला तर वीस-पंचवीस पानांचे २,७०० ते ४,५०० रुपये झाले. पीएचडीच्या संदर्भसूचीत दीडशे नोंदी सहज असतात; या दराने कुणी प्रबंध लिहायला घेतला तर घर विकावं लागेल. सुटा लेख विकत घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. या विषयात तशी वेळ जवळपास येतच नाही.

महाराष्ट्रात ही जर्नल्स लागतात ती मुख्यतः इंग्रजी, इतिहास आणि राज्यशास्त्राच्या विभागांना. विषयही आपल्याकडे चालत आलेले आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्यामुळे दलित आणि आफ्रिकन-अमेरिकन साहित्याची तुलना हा आपल्या विद्यापीठांतला पक्का विषय झाला आहे. मात्र अशा कितीतरी प्रबंधांत अमेरिकेची बाजू जुन्या पाठ्यपुस्तकांवर निभावून नेलेली दिसते. जर्नल परवडत नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. ते कारण आता फारसं उरलेलं नाही.

कुठलं जर्नल कुणाच्या ताब्यात आहे, हे आधी बघायचं, कारण किंमत त्यावर ठरते. ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ हे अमेरिकन स्टडीज असोसिएशनचं मुखपत्र १९४९ पासून निघतं आणि जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटी प्रेस ते छापते. त्याचे अंक प्रोजेक्ट म्यूजवर असतात. ‘आफ्रिकन अमेरिकन रिव्ह्यू’ आणि ‘कॅलालू’ हीदेखील तिथलीच. ब्रिटिश असोसिएशन फॉर अमेरिकन स्टडीजचं ‘जर्नल ऑफ अमेरिकन स्टडीज’ १९६७ पासून केंब्रिजकडे आहे. ‘अमेरिकन लिटररी हिस्टरी’, ‘मेलस’ आणि ‘जर्नल ऑफ अमेरिकन हिस्टरी’ ऑक्सफर्डकडे, तर १९२९ मध्ये सुरू झालेलं ‘अमेरिकन लिटरेचर’ ड्यूक युनिव्हर्सिटी प्रेसकडे.

यातलं बरंचसं सरकारने आपल्यासाठी आधीच विकत घेतलंय. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स आणि ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा पसारा आहे. योजनेच्या बातम्यांत विज्ञानाचंच कौतुक झालं, म्हणून मानव्यविद्यांच्या लोकांना वाटतं की हे आपल्यासाठी नाही. पण प्रकाशकांच्या यादीत ऑक्सफर्ड आहे, केंब्रिज आहे आणि प्रोजेक्ट म्यूजही आहे. म्हणजे वरच्या नावांपैकी ‘अमेरिकन लिटरेचर’ सोडलं तर बाकीच्यांचे प्रकाशक किंवा मंच त्यात आले. ड्यूक त्या यादीत नाही.

अडचण आहे ती पात्रतेची. योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांसाठी आहे. सरकारी विद्यापीठात किंवा सरकारी महाविद्यालयात असाल तर ग्रंथपालांना गाठा आणि इन्फेडचं लॉगिन मागा. म्हणजे घरी बसून वाचता येतं, कॅम्पसच्या वायफायवर अडून राहावं लागत नाही. खासगी संस्थेच्या महाविद्यालयात शिकवत असाल, पण पीएचडीची नोंदणी सरकारी विद्यापीठात असेल, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. नोंदणीच्या पत्राची प्रत सोबत न्या. खर्च शून्य, हेलपाटा एखादा.

कुठल्याच संस्थेत नसलेल्या वाचकाने जेस्टोरवर वैयक्तिक खातं काढावं. ते मोफत आहे, आणि दर ३० दिवसांत १०० लेखांपर्यंत ऑनलाइन वाचता येतात. डाउनलोड करता येत नाही, स्क्रीनवरच वाचायचं, म्हणून वही शेजारी हवी. महिन्याला शंभर लेख वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, तेव्हा मर्यादेची काळजी नको. ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ आणि ‘जर्नल ऑफ अमेरिकन स्टडीज’चे जुने अंक तिथे आहेत. पुष्कळ जर्नल्सचे ताजे अंक मात्र जेस्टोरवर काही वर्षांनी येतात. फाइल हवीच असेल तर जेपास घ्यावा लागतो: महिन्याला १९.५० डॉलर, म्हणजे सुमारे १,७५५ रुपये, त्यात १० डाउनलोड. वर्षाला १९९ डॉलर, म्हणजे १७,९०० च्या आसपास, त्यात १२०. वर्षाचा पास घेऊ नये असं माझं मत. प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यात एक महिना घ्यावा आणि यादी हाताशी ठेवून दहाही फायली उतरवाव्यात. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावे लागतात, आणि बँक वर दोन-साडेतीन टक्के चलनबदलाचे लावते, त्यावर जीएसटी. ही रक्कम धरायला लोक विसरतात.

मुळातच मोफत असलेली जर्नल्स आपल्याकडे फार कमी वाचली जातात. ‘युरोपियन जर्नल ऑफ अमेरिकन स्टडीज’ २००६ पासून, ‘जर्नल ऑफ ट्रान्सनॅशनल अमेरिकन स्टडीज’ २००९ पासून, शिवाय ‘अमेरिकन स्टडीज इन स्कँडिनेव्हिया’. तिन्ही सर्वांना खुली, तिन्हींत तज्ज्ञांकडून तपासलेले लेख. तुलनात्मक काम करणाऱ्याने सुरुवात ट्रान्सनॅशनलपासूनच करावी. अमेरिकेकडे बाहेरून बघणारे लेख तिथे भरपूर सापडतात, आणि आपलं काम त्याच जातीचं असतं. एवढं करूनही लेख हाती लागला नाही तर लेखकालाच दोन ओळींची ईमेल करावी. प्राध्यापक मंडळी लेख पाठवतात, बहुधा आनंदाने.

छापील अंकांची वर्गणी वैयक्तिक वाचकाने विसरावी. टपालखर्चच डोळे पांढरे करतो. संघटनेचं सदस्यत्व ही वेगळी गोष्ट. अमेरिकन स्टडीज असोसिएशन किंवा ऑर्गनायझेशन ऑफ अमेरिकन हिस्टोरियन्सची वर्गणी उत्पन्नाप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी ठरते, विद्यार्थ्यांना सर्वांत कमी, आणि जर्नल त्यातच येतं. परिषदेला जायचं असेल तरच ते परवडतं. जुने छापील अंक आणि पुस्तकं हवी असतील तर हैदराबाद आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ साली अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर सुरू झालं; आंतरजालापूर्वी देशभरचे संशोधक तिथे मुक्काम टाकून वाचत बसत. नंतर संस्थेचं नाव बदलत गेलं. जाण्याआधी फोन करून वेळ आणि परवानगी पक्की करा.

आता लिहिणाऱ्यांचा खर्च. इथे खरी लूट आहे. या विषयातली प्रतिष्ठित जर्नल्स लेख पाठवायला किंवा छापायला पैसे मागत नाहीत. केंब्रिज-ऑक्सफर्डकडे लेख सर्वांना खुला करण्याचा पर्याय असतो आणि त्याचं शुल्क हजारो डॉलरच्या घरात जातं, पण तो पर्यायच आहे. ‘नको’ म्हटलं तरी लेख छापला जातो. खर्च होतो तो काळाचा: तज्ज्ञांचा अभिप्राय यायला सहा महिने ते वर्ष, आणि तोवर तोच लेख दुसरीकडे पाठवायचा नाही. छायाचित्रं किंवा अख्ख्या कविता वापरल्यात तर परवानगीचे पैसेही सहसा लेखकानेच द्यायचे असतात. म्हणून चित्रं निवडताना लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आधी शोधावं. तिथली पुष्कळ छायाचित्रं हक्कमुक्त आहेत.

याउलट व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘इंटरनॅशनल मल्टिडिसिप्लिनरी’ जर्नल्स. हजार-दोन हजार रुपये भरा, तीन दिवसांत स्वीकृती, वर प्रमाणपत्र. आयएसएसएन क्रमांक दाखवतात. तो नियतकालिकाच्या ओळखीचा क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. इम्पॅक्ट फॅक्टर ७ किंवा ८ असल्याचं सांगतात; मानव्यविद्यांच्या बहुसंख्य जर्नल्सना क्लॅरिव्हेटचा खरा इम्पॅक्ट फॅक्टर मिळाला तोच २०२३ मध्ये, आणि तो बहुधा एकच्याही खाली असतो. एकाच अंकात वनस्पतिशास्त्र, जीएसटी आणि टोनी मॉरिसन शेजारी शेजारी दिसले की खिशातला हात बाहेर काढावा.

‘केअर लिस्टेड’ असा शिक्का दाखवून कुणी जास्त पैसे मागितले तर यूजीसीने केअर यादी बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलंय, हे त्याला सांगा. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही सक्तीही यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत राहिलेली नाही. तुमचं विद्यापीठ तरीही मागत असेल तर नियम लेखी मागून घ्या, आणि तो हातात पडेपर्यंत कुणालाही एक रुपया पाठवू नका.