बेनामी इंजिनाची पारख

इंग्लंडात जुन्या वस्तूंच्या लिलावात अधूनमधून हातभर लांबीचं, खरोखर वाफेवर चालणारं रेल्वे-इंजिनाचं मॉडेल येतं. ना नाव, ना कागद. अशी इंजिनं तपासताना मी हे शिकलो.

1. आधी चकाकवू नका. जोडदांड्याच्या एका टोकाला पंचचा एक ठिपका, त्याच्या चाकालाही एक. पुढच्या जोडीला दोन. कारागिराने जुळणीसाठी केलेल्या या खुणा घासताना जातात. ठिपके जुळत नसतील तर भाग नंतर बदललेला असू शकतो. बॉयलरभोवतीचं जुनं आवरण मात्र खरवडू नकाच. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

2. कारखान्याचं नाव नाही म्हणून माल हलका ठरत नाही. एलबीएससी या नावाने लिहिणारे कर्ली लॉरेन्स 1924 पासून ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकात आराखडे देत, आणि हौशी लोक घरच्या लेथवर इंजिनं घडवत. म्हणून आधी आराखडा शोधा. साडेतीन इंची गेज, चारच चाकं, पाण्याची टाकी अंगावरच, असं दिसलं की मी त्यांच्या ‘टिच’ या इंजिनाचे आराखडे काढून बसतो.

3. आटे नीट मोजा. ब्रिटिश 0 बीए आणि मेट्रिक एम6, दोन्हींचा व्यास 6 मिमी, पिच 1 मिमी. फरक कोनात: बीएचा साडेसत्तेचाळीस अंश, मेट्रिकचा 60. नुसत्या व्हर्निअरवर देश ठरवू नये.

4. सगळ्यात जास्त वेळ बॉयलरला द्या. सांधा चांदीच्या डागाचा की मऊ शिशा-कथलाचा? मऊ डाग 183 अंशांच्या आसपास वितळू लागतो, आणि 80 पौंड दाबाची वाफच 162 अंशांची असते. पाणी खाली गेलं की संपलंच. जुना दाबमापक खरा धरू नका. चाचणी पाण्यानेच, कामाच्या दाबाच्या दीडपट, मॉडेल-इंजिन क्लबच्या बॉयलर-तपासनिसासमोर. हवा भरून कधीच नाही: दाबलेल्या हवेने बॉयलर फुटला तर तांब्याचे तुकडे उडतात. माझ्या मते बॉयलर नापास धरूनच बोली लावावी.

5. सिलिंडरांना थेट नळी जोडून मात्र थोड्या दाबाच्या हवेवर चाकं फिरवून पाहता येतात. दोन सिलिंडरांच्या इंजिनात एका फेऱ्याला चार फुसकारे. ते सारख्या अंतराने आले तर व्हॉल्व्ह बसवणारा जाणकार होता. अशा इंजिनाला नवा बॉयलर घालायचा खर्च मी आनंदाने करेन.