विचारपूस करणारा माणूस

मुंबईच्या चर्नी रोड बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा वाचत बसे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी त्याच्या शाळेचे शिक्षक नव्हते. तरी त्यांनी आपुलकीने विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा भरली. गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे गुरुजींच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

शिष्यवृत्ती शेवटी आली. विचारपूस आधी झाली होती. आमच्या वसतिगृहातील मुलांपर्यंत समाजाचे धान्य, वह्या पोहोचतात. पण ‘अभ्यास कुठे अडला?’ असे विचारणारे माणूसही त्यांना हवे असते. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एक रविवार एका मुलासाठी राखावा. बाबासाहेबांचे ऋण त्यानेच थोडे फिटेल.