सीआरपी जरा वाढलाय

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. मी पेशंट फारसे पाहत नाही, त्यांचं रक्त पाहते. टाइप वन डायबेटिसची मुलं मात्र दर तीन महिन्यांनी येतात, दर वेळी थोडी उंच होऊन येतात, आणि त्यांच्या आयांशी बोलणं होतंच. त्या बोलण्यातून आणि त्या नळ्यांतून जे उमगलं ते लिहिते आहे. क्रम लावून पाहिला, काही जमला नाही.

१. दाह असतो आणि तरी रक्तात दिसत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. टाइप वन म्हणजे शरीराच्याच संरक्षक पेशींनी स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकणं. त्याला नावच 'इन्सुलायटिस', म्हणजे स्वादुपिंडातल्या बेटांचा दाह. १९६५ मध्ये बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी आजार नुकताच सुरू झाल्यावर दगावलेल्या तरुण रुग्णांच्या स्वादुपिंडांचे छेद तपासून तो दाखवून दिला. मग अशा मुलाच्या रक्तात दाहाच्या खुणा धो धो सापडायला हव्यात, अशी माझी सरळसोट समजूत. प्रत्यक्षात सर्दी-खोकला नसलेल्या मुलाचा सीआरपी, म्हणजे दाह मोजायची नेहमीची तपासणी, बहुतेक वेळा अगदी शहाण्यासारखा नॉर्मल येतो. कारण जागाच एवढीशी आहे. इन्सुलिन बनवणारी बेटं म्हणजे अख्ख्या स्वादुपिंडाचा एक-दोन टक्के भाग. मोठ्या वाड्यात माडीवरच्या खोलीत दोन भाऊ आवाज न चढवता दात-ओठ खात भांडत असावेत आणि अंगणात निवडणटिपण करणाऱ्या बाईला पत्ताही नसावा, तसं ते आहे. मी अंगणात बसणारी बाई.

२. सीआरपीची आठवण फार तोकडी असते. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला, न्यूमोकोकस जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाला चिकटणारा म्हणून त्याचं हे नाव. यकृत तो बनवतं, आणि तोही इशारा मिळाल्यावर काही तासांतच. इशारा थांबला की साधारण १९ तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणजे हा गडी फार तर काल-परवाचं सांगणार. पोराचा घसा, कान, पायाला झालेली जखम. डायबेटिस मात्र त्या पोराच्या अंगात महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं चोरपावलांनी आलेला असतो. साखरेचा हिशेब ठेवणाऱ्या एचबीएवनसीला निदान गेल्या दोन-तीन महिन्यांचं स्मरण असतं. सीआरपीला परवाचं जेवण विचारू नये.

३. 'सरासरी' हा शब्द आईसमोर उच्चारणं अवघड आहे. अमेरिकेत 'सर्च' नावाचा मोठा अभ्यास झाला. टाइप वन असलेल्या मुला-मुलींच्या रक्तात आयएल-६, सीआरपी, फायब्रिनोजेन ही दाहाची चिन्हं डायबेटिस नसलेल्या मुलांपेक्षा वाढलेली असतात, असं त्यांनी २०१० मध्ये छापलं. खरं आहे ते. शुगर बिघडलेली असेल, वजन जास्त असेल तर हा फरक आणखी वाढतो. पुढे मोठेपणी रक्तवाहिन्यांना होणाऱ्या त्रासाची मुळं इथे असावीत का, म्हणून संशोधकांना त्यात रस. पण हा फरक दोन घोळक्यांमधला आहे. दोन्ही घोळके एकमेकांत इतके मिसळलेले, की समोर बसलेलं एक पोरगं कुठल्या घोळक्यातलं, हे त्या आकड्यावरून मला ओळखता येणार नाही. मी हे सगळं एकदा एका आईला मन लावून समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सारं ठीक आहे जी मॅडम, पण आमच्या पोराले काय झालं?" शिक्षण माझं जास्त, प्रश्न तिचा बरोबर.

४. दशांश चिन्हाने माणूस उगाच विद्वान वाटतो. पूर्वी आम्ही काळ्या स्लाइडवर सीरमचा थेंब टाकून त्यात लॅटेक्स मिसळायचो आणि स्लाइड हलवत बसायचो. कण जमले तर पॉझिटिव्ह, नाही तर निगेटिव्ह. मग मशीन आलं आणि मी ०.८, १.४ असले आकडे असे मिरवू लागले, जणू ते मीच शोधून काढले होते. त्या मिरवण्यातून घोळही झाले. एका लॅबचा रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, दुसरीचा प्रति डेसिलिटरमध्ये. ०.६ चे ६ झाले की घरात रडारड, आणि प्रमाण तेच! शिवाय हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपीच्या रिपोर्टखाली १ आणि ३ च्या ज्या पायऱ्या छापलेल्या असतात, त्या मोठ्या माणसांच्या हृदयविकाराच्या जोखमीसाठी ठरवलेल्या. आठ वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टखाली 'हाय रिस्क' छापून आलेलं पाहिलं, त्या दिवसापासून लहान मुलांच्या रिपोर्टमधून मी ती ओळ काढूनच टाकली. सॉफ्टवेअरवाल्याला अजून कळलेलं नाही की मला नेमकं काय हवं होतं.

५. सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात कमी सांगतो, हे मला डीकेएच्या, म्हणजे डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसच्या, मुलांनी शिकवलं. निदानच तेव्हा होतं पुष्कळदा. उलट्या, धाप, पोटात दुखणं, आणि घरचे म्हणतात, "बाधलं काहीतरी." रक्त सेंट्रीफ्यूजमधून काढावं तर सीरम कधी कधी चक्क दुधाळ, चरबी तरंगत असलेलं. पांढऱ्या पेशी २०,००० च्या पुढे. असा काउंट पाहिला की कुणाचाही हात अँटिबायोटिककडे जाणार. पण इन्सुलिनवाचून शरीर इतकं पिळवटलेलं असतं, की कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनलिनच्या माऱ्याने रक्तवाहिन्यांच्या कडेला विसावलेल्या पांढऱ्या पेशी प्रवाहात ढकलल्या जातात. जंतू एकही नसला तरी. सीआरपीसुद्धा त्या गडबडीत चढलेला असू शकतो. ताप आहे का, हे थर्मामीटर लावून पाहणं तिथे माझ्या मशीनपेक्षा कामाचं. मशीनचे हप्ते भरणाऱ्या बाईला हे लिहिताना काय वाटत असेल, ते वाचकांनी समजून घ्यावं.

६. आमच्या भागाचं स्वतःचं एक शास्त्र आहे. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तासाभरात लाल पेशी किती खाली बसतात त्याचं माप. अंगात रक्त कमी असलं की त्या भरभर खाली बसतात आणि दाह नसताना दाह दिसतो. सिकलसेल असलं तर उलटं. कोयत्यासारख्या वाकड्या पेशी एकमेकींवर नीट रचल्याच जात नाहीत, म्हणून दाह असूनही ईएसआर खालीच राहू शकतो. विदर्भात ही दोन्ही दुखणी घरोघर. त्यात डायबेटिस आला की एचबीएवनसीवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही: सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो. लोह कमी असलं तर खोटा जास्त. अशा वेळी घरच्या ग्लुकोमीटरची वही काढायला सांगते. तेलाचे डाग पडलेली, मधली पानं फाटलेली ती वही बहुधा माझ्यापेक्षा खरं बोलते.

७. ज्या तपासण्यांनी खरंच काही ठरतं, त्या दाहाच्या नसतातच. जीएडीसारख्या अँटिबॉडी सांगतात की शरीर कुणावर उलटलंय. किती जोरात, ते सांगत नाहीत. त्या निगेटिव्ह आल्या म्हणून टाइप वन नाही, असंही म्हणता येत नाही. सी-पेप्टाइड सांगतं, की घरचं इन्सुलिन अजून किती शिल्लक आहे. टीएसएच आणि टीटीजी पाहायचे, कारण एकदा स्वतःवर उलटलेलं शरीर थायरॉइड आणि आतड्यांकडेही वळू शकतं.

८. मुलांना आकड्यांचं भय नसतं, सुईचं असतं. सहावीतला एक मुलगा फॉर्म स्वतः वाचतो. सीआरपीवर बोट ठेवून त्याने मला विचारलं, की सर्दी नाही, ताप नाही, दात दुखत नाही, मग हे कशाला? मी सांगितलं, वेगळं टोचावं लागत नाही रे, त्याच नळीतून होतं. "पण पैसे वेगळे लागतात ना?" वडील बाजूला उभे होते, त्यांनी मान खाली घातली. तेव्हापासून ठणठणीत मुलाच्या फॉर्मवर सीआरपी दिसला की मी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारते, काही शंका आहे का. शंका असते तेव्हा ते सांगतात, आणि तपासणी होते. त्या दिवशी या मुलासाठी फोन लावला तर ते हसून म्हणाले, "नाही हो मॅडम, ते फॉर्मवर छापलेलंच आहे, टिक होऊन जाते."