कोऱ्या कागदावर सही करू नकोस

सातारा, 9 जानेवारी

चि. रेवा हिस,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. आधी भाजीच्या भावाबद्दल बोलली, मग गुडघ्यांबद्दल, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "वन्सं, रेवानं शाळेत एका पोराच्या कानाखाली वाजवली म्हणे. आणि आता राजीनामा देते म्हणतेय." दोन्ही गोष्टींनी माझी झोप उडाली, पण दुसरीनं जास्त.

म्हणून आधी तेच लिहिते. राजीनामा देऊ नकोस. लिहिला असलास तर पाठवू नकोस. आणि संस्थेच्या सचिवांनी कोरा कागद पुढे करून "नुसती सही करून ठेवा, आम्ही काही वापरणार नाही" असं म्हटलं, तर "घरी विचारून सांगते" म्हण आणि उठून ये. नव्या शिक्षकांकडून असे कागद घेऊन ठेवल्याचं मी नोकरीभर ऐकत आले. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आहे, त्यातलं सातवं कलम वाच. राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टानं संस्थेला पाठवायची, दुसरी आपल्याजवळ ठेवायची. ऑफिसात बसवून कुणाकडून राजीनामा लिहून घेता येऊ नये म्हणूनच ही तजवीज असणार, असं मला वाटतं. तुझ्यासारख्या शिक्षणसेवकालाही हा कायदा लागू आहे. तुझी तीन वर्षं भरायला दीड वर्षच उरलंय. 16,000 मानधनात खोलीचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे तू कसे बसवतेस, ते मला कळतं. 2023 च्या आधी हेच मानधन 6,000 होतं, त्या दिवसांत पोरींनी कसा तग धरला असेल कोण जाणे. पण हे दीड वर्ष रागाच्या एका दुपारी घालवू नकोस.

आता ती थप्पड. रेवा, हात उगारलास हे चुकलंच. त्या पोरानं काय केलं, तुला काय म्हणाला, हे मला नंतर सांग. आधी हे मान्य कर. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला, दोन्हीला बंदी आहे. 2010 पासून हा कायदा आहे, तू बी.एड.ला तो पाठ केलायस. पण मी कायद्याच्या धाकानं सांगत नाही. तेरा वर्षांच्या पोराला सगळ्या वर्गासमोर थोबाडीत बसली की त्याला त्या वर्गात तोंड वर करून बसायला दुसरा मार्ग राहत नाही, तो तुझ्यावर उलटणारच. आपल्या घरातला राग तुला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांनी, आपल्या अण्णांनी, कारखान्यात साहेबाच्या टेबलावर किल्ल्या आपटल्या आणि घरी निघून आले. त्याचं अजून लग्नाकार्यात कौतुक चालतं. पुढची दोन वर्षं माझ्या आईनं कशी काढली, ते कौतुक करणाऱ्यांना ठाऊक नाही. मला आहे, तुझ्या बापालाही आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा खडूच्या डब्याशेजारी छडी असायची आणि तिच्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नव्हतं. माझा वर्ग शांत म्हणून नावाजलेला होता. इन्स्पेक्टरसाहेब आले की हेडसर त्यांना आधी माझ्या वर्गावर आणायचे. आता त्या पहिल्या वर्षांचे ग्रुप फोटो काढून बसले की मला पुढच्या बाकावरच्या चार मुली तेवढ्या ओळखू येतात. बाकीच्यांचा आवाज मी ऐकलाच नव्हता. कुणाला काय येत नव्हतं, कुणाच्या घरी काय चाललं होतं, कुणी मला कधी येऊन सांगितलं नाही. ही रुखरुख जात नाही. तुझ्या वर्गात गोंगाट आहे, पण तुझी पोरं तुझ्याशी बोलतात. दिवाळीत तू त्यांच्या नकला करून दाखवल्यास, त्यात एकेकाचं नाव होतं, एकेकाची तऱ्हा होती.

फळ्याकडे वळलीस की मागून तोंड मिटून "हंऽऽ" सुरू होतं, आणि वळून पाहिलं की सगळे वहीत मान घालून बसलेले, हेही तेव्हाच सांगितलं होतंस. तो हुंकार मी चांगला ओळखते. "कोण होतं?" हे कधीच विचारायचं नाही. उत्तर मिळत नाही, आणि सगळा वर्ग एक होतो. आकृती आणि सूत्रं मधल्या सुट्टीतच फळ्यावर काढून ठेव. लिहावंच लागलं तर अंग वर्गाकडे तिरकं ठेवून दोन ओळी लिही आणि थांब. निम्मा तास मागच्या बाकापाशी उभी राहून शिकव. पोरांना वाटतं पाठीमागचा भाग त्यांचा आहे, तिथे तू रोज जाऊन उभी राहा. आवाज चढवायचाच नाही. 58 पोरांपुढे एका गळ्याचं काही चालत नाही, तुझ्या घशाचं मात्र वाटोळं होतं. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा असं शिक्षणहक्क कायदाच सांगतो, तेव्हा वर्ग आटोक्यात येत नाही यात सगळा दोष तुझा नाही, हे मनाशी पक्कं धर. बी.एड.च्या सराव पाठांना वर्ग गप्प बसायचा, कारण मागे तुमचे सर वही घेऊन बसलेले असायचे. खऱ्या वर्गात एकटीनं उभं राहायला तुला कुणी शिकवलंच नाही.

मुख्याध्यापकांचं ऐकून मात्र मला संताप आला. त्या मुलाच्या काकांसमोर तुला उभं करून माफी मागायला लावली, आणि त्या मुलानं तुला जे म्हटलं होतं त्याबद्दल चकार शब्द नाही. हे मुळीच बरोबर नाही. तरीही ते असं का वागतात ते ऐक, म्हणजे तू ते मनाला लावून घेणार नाहीस. ते स्वतः प्रभारी आहेत, त्यांची खुर्ची संस्थेच्या मर्जीवर आहे. दरवर्षी संचमान्यता होते, पटावर मुलं किती त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. चार पालकांनी दाखले काढून नेले तर एखादं पद जातं आणि कुणीतरी अतिरिक्त ठरतो. त्यातून आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मग मुलाला वळण लावायचं काम कुणाचं, हे कुणी बोलत नाही, आणि सगळं येऊन पडतं सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात.

म्हणून तोंडी तक्रार करू नकोस. "सर, मुलं ऐकत नाहीत" असं दारात उभं राहून म्हटलं की ती तुझीच नालायकी ठरते. अर्धं पान लिही. तारीख, तासिका, काय घडलं, तू काय केलंस, कोणती मदत हवी. विशेषणं घालू नकोस. ऑफिसात आवक नोंद करून तुझ्या प्रतीवर पोच घे. क्लार्कभाऊ कां-कू करतील, हसून उभी राहा. खुलासा मागितला असेल तर मुदतीत दे. थप्पड मारली हे त्यात लपवू नकोस, आणि आधी काय घडलं तेही गाळू नकोस. आणि उद्या त्यांनी तुला काढलंच, तर 1977 च्या त्याच कायद्याच्या नवव्या कलमाखाली तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. स्वतःहून राजीनामा दिलास तर मात्र ती वाट आपल्याच हातानं बंद केल्यासारखं होतं. म्हणून पुन्हा पुन्हा तेच लिहितेय, रागावू नकोस.

काकांपुढची माफी झाली ती झाली. त्या मुलाशी मात्र तू वेगळी बोल. ऑफिसात नको, स्टाफरूममध्ये नको, व्हरांड्यात, शाळा सुटताना. "मी हात उचलायला नको होता" एवढंच म्हण. "पण तूसुद्धा" असं पुढे जोडू नकोस. तो कदाचित तुझ्याकडे बघणारही नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्याचं नाव बाकीच्यांच्याच सुरात घे.

फार बोलले. रागावलेली असशील तर रागाव, पण जेव. रात्री पोहे खाऊन झोपतेस हे तुझ्या आवाजावरून मला कळतं. आणि रविवारी वह्या तपासू नकोस, सोमवारी मिळाल्या नाहीत तर पोरांचं काही बिघडत नाही. ही नोकरी तुला नकोच असेल, तर सुट्टीत घरी बसून, तुझ्या आई-बापाशी, माझ्याशी बोलून ठरवू. तेव्हा तू सोडलीस तरी मी एका शब्दानं अडवणार नाही. तू रडत घरी आलीस म्हणून आम्हाला कमीपणा वाटेल असं मनात आणू नकोस. पाचवीत तुझा शाळेत पहिला नंबर आला तेव्हा जशी होतीस तशीच आहेस माझ्यासाठी, आणि नापास झाली असतीस तरी तशीच असतीस.

मी गुरुवारच्या रातराणीनं निघतेय. संक्रांतीचे तिळाचे लाडू केलेत, गुळपोळ्याही आणते. आठ दिवस राहीन. तुझ्या खोलीत जागा नाही हे मला ठाऊक आहे, मी खाली अंथरूण टाकेन. सकाळी स्टँडवर यायला नको, तुझा पहिला तास असेल. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेव, आणि संध्याकाळी येताना दूध आण.

तुझी,
आत्या