वार्धक्यातील श्रवण : शरीर, मन आणि कुटुंब

वाचायला चष्मा लागला की आपण सहज म्हणतो, "चाळिशी लागली." वयाच्या आकड्यावरून भाषेने त्या वस्तूलाच नाव देऊन टाकले, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही, उलट चष्म्याने माणूस थोडा विद्वानच दिसू लागतो. कानांसाठी असा घरगुती शब्द आपल्याकडे नाही. जो आहे तो 'बहिरा', आणि त्याच्या वाट्याला रंगभूमीवरील विनोदापासून घरातल्या चेष्टेपर्यंत सर्व काही आलेले आहे. वार्धक्याच्या शारीरिक, मानसिक व सामाजिक अशा तीन बाजू सांगण्याची पद्धत आहे. त्या एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात हे कानावरून फार चांगले कळते. म्हणून प्रस्तुत लेखात तेवढाच विषय घेतला आहे.

कानाच्या अगदी आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची नळी असते. तिच्यात केसांसारखी सूक्ष्म टोके असलेल्या सुमारे १५ हजार पेशी ओळींनी बसविलेल्या असतात. ध्वनीच्या कंपनाचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर होते ते या पेशींमुळे. माणसाच्या कानात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. (पक्ष्यांच्या कानात मात्र उगवते, निसर्गाने कोंबडीवर ही मेहेरबानी का केली, ते तोच जाणे!) नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी खर्जातले. वयोमानाने बहुधा तोंडाजवळच्या पेशी प्रथम निकामी होतात. इंदूरच्या कापडगिरण्यांत ज्यांनी मागांच्या खडखडाटात उभी हयात काढली, त्यांच्यासारख्यांची ही झीज वयाची वाट पाहत नाही.

आता याचा परिणाम पाहा. बोलण्यातील स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीत व जोरकस असतात. स, श यांसारख्या व्यंजनांचा ध्वनी उंच पट्टीत व क्षीण असतो. आवाज स्वरांनी पोहोचतो, पण शब्दाशब्दांतील भेद मुख्यतः व्यंजने करतात. म्हणून 'सात' म्हटलेले 'आठ' वाटते, आणि गाडीच्या वेळेवरून घरात वादंग माजतो. "मला ऐकू येते, तुम्हीच नीट बोलत नाही," ही वृद्धांची तक्रार आपण हट्ट समजतो. त्यांच्या अनुभवापुरती ती अक्षरशः खरी असते. शिवाय या विकारात हळू आवाज ऐकू येत नाही, पण थोडा मोठा झाला की एकदम असह्य होतो. म्हणून सूनबाई चौथ्यांदा ओरडून सांगते तेव्हा "ओरडतेस कशाला?" असे उत्तर येते. दोघेही दुखावले जातात आणि दोष मात्र कोणाचाच नसतो.

येथून मनाचा प्रांत सुरू होतो. अर्धवट ऐकलेले वाक्य अंदाजाने पुरे करण्यात बुद्धीची बरीच शक्ती खर्च होते. लक्षात ठेवायला ती उरत नाही. मग "आजोबांना आताशा विसर पडतो" असे बोलले जाते. चारचौघे हसले की आपल्यालाच हसले असा संशय येतो. हळूहळू माणूस बैठकीतून उठून आतल्या खोलीत बसू लागतो. साठी ओलांडलेल्यांत चारांपैकी एकाहून अधिकांचे श्रवण व्यवहाराला अडथळा येण्याइतके मंदावलेले असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली. त्यांत श्रवणदोष आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील तीन वर्षांच्या प्रयोगात श्रवणयंत्रांमुळे सरसकट सर्वांच्या बुद्धीला लाभ झाल्याचे दिसले नाही. परंतु ज्यांना आधीच धोका अधिक होता, त्यांची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. यंत्रविक्रेत्याने याहून मोठे आश्वासन दिल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

कुटुंबाचा भाग सर्वांत अवघड. घर हळूहळू सांगणेच सोडून देते. नातीचे लग्न कोठे ठरते आहे, जागा विकायची की नाही, हे बोलणे त्यांना वगळून होते. विचारले तर "काही नाही, नंतर सांगतो" एवढेच. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलांवर टाकली आहे. त्यांच्याशी बोलण्याची जबाबदारी कोणता कायदा टाकणार?

उपाय साधे आहेत. प्रथम वैद्याकडून कान तपासून घ्यावा. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. बोलताना समोर, उजेडात बसावे, दूरदर्शन संच बंद करावा, आणि तेच वाक्य मोठ्याने उच्चारण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगावे. आपल्या मंगल कार्यालयांतील व सभागृहांतील घुमणारे ध्वनिक्षेपक वृद्धांच्या काडीइतक्याही उपयोगाचे नसतात, हेही येथे नमूद करतो.

श्रवणमापनानंतर यंत्र घेतले तरी चष्म्याप्रमाणे ते पहिल्याच दिवशी मानवत नाही. वर्षानुवर्षे न ऐकलेली भांड्यांची आदळआपट, पंख्याची घरघर, कागदाची सळसळ मेंदूवर एकदम येऊन आदळते, आणि त्यातून शब्द निवडून घेण्याची सवय व्हायला काही आठवडे जातात. पुष्कळांचे यंत्र कपाटाच्या खणात जाते ते याच आठवड्यांत. तेवढ्या काळापुरते घरातील एखाद्या नातवाने रोज संध्याकाळी शांत खोलीत समोर बसून वर्तमानपत्र वाचून दाखवावे.