विडी सोडावी, भात आवरावा; पण आधी कोणते?

आरोग्याविषयी दोन उपदेश हल्ली घरोघरी ऐकू येतात. तंबाखू सोडा, हा एक. आणि भात, साखर, मैदा कमी करा, हा दुसरा. दोन्ही उपदेश हिताचेच आहेत. तथापि ज्याला हे दोन्ही एकदम लागू पडतात त्याने नेमके काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, रक्तात साखर निघालेला आणि दिवसाकाठी विडीचे एक बंडल संपविणारा गृहस्थ आपल्या लोंढा-खानापूर भागात दुर्मिळ नाही. असा गृहस्थ एखाद्या सोमवारी निश्चयाने दोन्ही व्रते एकदम धरतो, गुरुवारी दोन्ही मोडतो, आणि ‘आपल्याच्याने हे व्हायचे नाही’ अशी मनाची समजूत घालून पुन्हा काडी ओढतो. त्याच्या निश्चयात खोट असते असे नाही. बहुधा त्याचा क्रम चुकलेला असतो. तो क्रम समजावून देणे एवढाच या पाठाचा हेतू आहे.

१. तंबाखू आपल्या दारी कशी आली

तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली आणि तेथून ती दक्षिणेतील दरबारांत पोहोचली. अकबर बादशहाचा सरदार असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू व हुक्का नेऊन बादशहापुढे ठेवल्याची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. दरबारातील हकिमांनी तेव्हाच या अपरिचित वस्तूविषयी हरकत घेतली होती. पुढे १६१७ मध्ये जहांगीर बादशहाने धूम्रपानास मनाईही केली. परंतु व्यसन हुकुमाला जुमानत नाही, असाच अनुभव आला.

आपल्या जिल्ह्यात तंबाखू हे केवळ व्यसन नाही, ते पोटापाण्याचे साधनही आहे. निपाणीचा विडीचा जर्दा दूरवर प्रसिद्ध आहे. त्या जर्द्याला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. विड्या वळून संसार चालविणाऱ्या भगिनी आजही या भागात आहेत. म्हणून हा विषय काढताना पिकविणाऱ्याला वा वळणाऱ्याला दूषण देण्याचे कारण नाही. प्रश्न ओढणाऱ्याच्या देहाचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील प्रौढांपैकी २८.६ टक्के, व कर्नाटकातील प्रौढांपैकी २२.८ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले.

२. विडी आणि भूक यांचा संबंध

तंबाखूतील निकोटिन झुरक्याबरोबर काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. त्यामुळे शरीरात अॅड्रेनालिन हे द्रव्य सुटते, हृदयाचे ठोके वाढतात आणि यकृतात साठलेली साखर थोडीफार रक्तात उतरते. भूक मंदावते, शरीराची चूलही जराशी जोरात जळते. ‘विडी ओढली की भूक मरते’ असे लोक म्हणतात ते खोटे नव्हे. मात्र त्याच वेळी इन्सुलिनचे काम बिघडते. म्हणून धूम्रपान करणाराला मधुमेह होण्याचा धोका न करणारापेक्षा सुमारे ३० ते ४० टक्के अधिक असतो. बारीक राहण्यासाठी विडी ओढणारा मनुष्य अशा रीतीने आतून मधुमेहाचीच वाट मोकळी करीत असतो.

विडी सोडली म्हणजे हे सारे उलटते. भूक परत येते, जिभेची चव उघडते, गोडाची ओढ वाढते. निरनिराळ्या अभ्यासांचा मेळ घातला असता पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढते असे दिसते, व त्यातील बराच भाग पहिल्या तीन महिन्यांतला असतो. ही सरासरी आहे हे विसरू नये. सुमारे सहांपैकी एकाचे वजन उलट घटते.

३. ‘पिष्टमय पदार्थ कमी’ म्हणजे किती?

हा विचार नवा नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने साखर, पाव, बटाटे वर्ज्य करून आपला लठ्ठपणा कसा हटविला, याची पुस्तिका १८६३ मध्येच छापली होती. आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळाच जेवण्याचा व गोड टाळण्याचा प्रचार केला, तो घरोघरी पोहोचला आहे. त्याचा भर जेवणाच्या वेळांवर अधिक आहे; पिष्ट कमी करण्याचा मार्ग त्याहून थोडा निराळा, पण उद्देश जवळचा.

सामान्यतः दिवसाला १३० ग्रॅमहून कमी पिष्टमय पदार्थ घेणे म्हणजे कमी पिष्टाचा आहार, व ५० ग्रॅमहून कमी म्हणजे अतिकडक आहार. आता हिशेब पाहा. एक वाटी शिजलेल्या भातात सुमारे ४० ग्रॅम पिष्ट असते. ज्वारीच्या मध्यम भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम. चमचाभर साखर म्हणजे ५ ग्रॅम. दोन चमचे साखरेचे सहा चहा घेणारा मनुष्य ६० ग्रॅम साखर, म्हणजे दीड वाटी भाताइतके पिष्ट, नुसते पिऊन टाकतो! अंडी, मासे व मटण यांत पिष्ट जवळजवळ नसतेच. ताक, पनीर, शेंगदाणे व पालेभाज्या यांत थोडे असते. उसळीत पिष्ट असले तरी प्रथिने व चोथा यांमुळे ती सावकाश पचते.

येथे उपवासाचीही एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. एकादशीच्या साबुदाण्यात व बटाट्यात पिष्टच पिष्ट असते. इफ्तारला खजुरांपाठोपाठ सरबत आणि तळलेली भजी आली म्हणजे तेथेही तीच गत. उपवास घडला म्हणून पिष्ट घटले, असे गृहीत धरू नये.

४. दोन्ही एकदम केले तर काय होते

या पाठातील मुख्य मुद्दा हाच आहे. तंबाखू सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्रास सर्वांत अधिक असतो व तो दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. चिडचिड, डोकेदुखी, झोप मोडणे, बद्धकोष्ठ, कामात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. आता भात-भाकरी एकाएकी फार कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात काय होते? डोकेदुखी, थकवा, चिडचिड, बद्धकोष्ठ! दोन निरनिराळ्या कारणांची लक्षणे जवळजवळ एकच आहेत. मनुष्याला वाटते, ‘विडी सोडल्यानेच हे झाले’. आणि त्यावरचा झटपट उपाय त्याला ठाऊक असतो, तो म्हणजे विडी. भुकेल्या पोटी तलफ अधिक छळते, ही अडचण वेगळीच.

कॅसलरॉकचा घाट आपणांस परिचित आहे. कुळेंहून वर येताना ३७ फुटांस एक फूट असा चढ आहे. त्या चढावर गाडीला मागून जादा इंजिने लावतात. त्याच ठिकाणी आणखी डबे मात्र कोणी जोडीत नाही. तंबाखू सोडण्याचे पहिले चार आठवडे हा असाच घाट होय. तेथे मदत जोडावी, ओझे जोडू नये.

५. अभ्यास काय सांगतात

मग दोन्ही एकदम कधीच साधत नाही काय? साधते, असेही दिसले आहे. १९९९ साली स्वीडनमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्वी वजन वाढल्यामुळे धूम्रपान सोडण्यात अपयश आलेल्या २८७ स्त्रिया त्यात होत्या. सर्वांना निकोटिनचा च्युइंगम व सल्ला दिला. त्यांतील एका गटाला शिवाय मधूनमधून अतिअल्प उष्मांकांचा आहार दिला. वर्षाअखेर या गटातील २८ टक्के व दुसऱ्या गटातील १६ टक्के स्त्रिया धूम्रपानमुक्त होत्या. परंतु त्यांच्या पाठीशी वैद्यकीय देखरेख होती आणि निकोटिनची उणीव च्युइंगम भरून काढीत होता. ज्याला अशी देखरेख मिळेल त्याने तो मार्ग अवश्य धरावा. ज्याच्या गावी ती सोय नाही त्याने एकापाठोपाठ एक, हाच मार्ग धरणे शहाणपणाचे.

२०१८ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दुसरी गोष्ट दाखविली. धूम्रपान सोडल्यावर ज्यांचे वजन फार वाढले त्यांना मधुमेहाचा धोका काही वर्षे वाढला. पण हृदयविकाराने वा अन्य कारणाने मरण्याचा धोका वजन वाढूनही घटलेलाच राहिला. यावरून दोन निष्कर्ष निघतात. विडी सोडणे कोणत्याही परिस्थितीत पहिले. आणि आहार सांभाळणे दुसरे असले तरी सोडून देण्याजोगे नव्हे.

६. पाळावयाचा क्रम

पहिली पायरी, दोन आठवडे तयारीची. प्रत्येक विडी कोणत्या वेळी व कशाच्या जोडीने ओढली ते वहीत लिहावे. बहुतेकांच्या वहीत ‘चहा’ हाच शब्द वारंवार येईल. आहारात या काळी एवढेच करावे की चहातील साखर उतरवीत न्यावी आणि बिस्किटे बंद करावी.

दुसरी पायरी, ठरविलेल्या दिवशी विडी पूर्ण बंद. पुढील चार आठवडे पोट रिकामे ठेवू नये. भाकरी आहे तशी चालू द्यावी. तिच्या जोडीला अंडे, मासा, मटकीची उसळ, ताक व पालेभाजी वाढवावी. खिशात मूठभर शेंगदाणे किंवा काकडीच्या फोडी असाव्यात. तलफ सामान्यतः काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी पिण्यात वा चार पावले चालण्यात काढावा. चहा निम्मा करावा; कारण धुरामुळे चहातील कॅफिन शरीरातून लवकर निघून जात असे, आता ते अधिक काळ टिकते व झोप मोडते. विडीच्या जागी मिश्री वा तंबाखूची चिमूट आणू नये. तो केवळ दरवाजा बदलणे झाले.

तिसरी पायरी, चार ते सहा आठवड्यांनंतर. आता भात निम्मा करावा, मग भाकरी एकाने कमी करावी. वजन महिन्यातून दोनदाच पाहावे.

जो आधीपासूनच कमी पिष्टाचा आहार घेत आहे, त्याने तो मोडण्याची गरज नाही. पण विडी सोडतेवेळी मोजमाप सैल करावे व पोटभर जेवावे. भाकरी की विडी, असा पेच एखाद्या संध्याकाळी पडलाच, तर खुशाल भाकरी खावी. वाढलेले दोन किलो पुढे उतरविता येतात.

रमजानचा महिना या कामी उपयोगी आहे. सेहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास जो विडीवाचून राहतो, त्याने आपली ताकद सिद्ध केलीच आहे. परंतु रात्री पुन्हा ओढल्याने ते तीन कठीण दिवस कधी पुरे होतच नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच त्रास पहिल्यापासून भोगावा लागतो. दिवस जिंकलेला आहे, रात्र तेवढी जोडली पाहिजे.

७. सावधगिरी

मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाराने डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-भाकरी घटवू नये. औषध तेवढेच आणि पिष्ट कमी झाले तर रक्तातील साखर एकदम उतरते. विडी सोडल्यावर इन्सुलिनचा परिणामही बदलू शकतो. साखर उतरल्याची लक्षणे, म्हणजे हातपाय कापणे, घाम, अस्वस्थता व भूक, तलफेसारखीच भासतात. हा मोठा घात आहे. अशा वेळी अंदाज न करता साखर तपासावी. ती ७० हून कमी असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. तपासण्याचे साधन जवळ नसल्यास साखर घेऊनच टाकावी. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असता अतिकडक आहार धोक्याचा असतो. गर्भवती, स्तनदा माता व मूत्रपिंडाचे रोगी यांनी असा आहार स्वतःच्या मनाने करू नये.

तंबाखू सोडण्यास साह्य मागण्यात कमीपणा नाही. निकोटिनचा च्युइंगम व इतर औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही त्यासाठीच आहे.

तात्पर्य

विडी सोडून एक वर्ष झाले म्हणजे हृदयविकाराचा जादा धोका सुमारे निम्म्यावर येतो. इतका लाभ कोणताही आहार एकट्याने देईल असे वाटत नाही. म्हणून आधी धूर, मग भात. एकदा सोडून पुन्हा धरली, तरी सोडण्याचे ते दिवस फुकट गेले असे मानू नये. वही उघडावी, कोठे चुकले ते पाहावे आणि नवी तारीख लिहावी. घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. पहिल्या महिन्यात घरातला माणूस चिडला तर उलट उत्तर देऊ नये; ताटात अंडे किंवा उसळ थोडी जास्त वाढावी.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरात दिवसाला चहातून किती चमचे साखर जाते? तिचे किती वाट्या भात होतात?

२. विडी सोडल्याची व पिष्ट घटविल्याची समान लक्षणे कोणती?

३. तलफ आणि साखर उतरणे यांतील फरक कसा ओळखाल?

४. घरातील विडी ओढणाऱ्या व्यक्तीस पहिल्या चार आठवड्यांत आपण कोणती मदत कराल?